अभ्रे घातलेली गाडी

समुद्रकाठच्या सेकोंदी गावच्या एसिल्फी मास्तरांना गाडी मिळाली ती त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांकडून. मिळाली म्हणजे अगदी नवी कोरी, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा न काढलेली. आमच्या भागात गाडी येते ती बहुतेक करून परदेशात कुणीतरी मनसोक्त वापरून, कंटाळून सोडून दिलेली. मागच्या काचेवर कुठल्यातरी जर्मन नळदुरुस्तीवाल्याची जाहिरात तशीच असते आणि ती खरवडून काढायची कुणाला गरजही वाटत नाही. त्यामुळे ज्याच्या सीटवर प्लास्टिक आहे असा माणूस गल्लीत एकदम उंच होतो. मास्तर मुळात बुटके. त्यांना ही उंची फार आवडली.

मास्तरांनी सगळी नोकरी एकाच शाळेत विज्ञान शिकवण्यात घालवली होती. निवृत्त झाल्यापासून मात्र ते घराच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसत आणि समोरच्या समुद्रावर लक्ष ठेवत. समुद्राने त्या काळात काही गैरवर्तन केलं नाही, पण मास्तर दिवसेंदिवस गप्प होत चालले होते. हे त्यांच्या एका जुन्या बॅचच्या कानावर गेलं. बॅचची म्होरकी एफुआ क्रेंट्सिल. एके काळी ही शेवटच्या बाकावर बसायची आणि प्रयोगशाळेतली काचेची भांडी फोडायची. लोखंडाला गंज कसा चढतो हे दाखवायला मास्तर दरवर्षी तीन परीक्षानळ्यांत तीन खिळे ठेवत. त्यातली तिसरी नळी, नेमकी ज्यात खिळा गंजायचा ती, एफुआने निकाल लागायच्या आत फोडली होती. आता तिचं राजधानी अक्राकडे, बंदराजवळ गोठवलेल्या माशांचं मोठं कोठार होतं, आणि तिच्यापुढे भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची.

गाडी ट्रकवरून आली. बॅचमधले पोक्त बाप्ये आणि बायका फाटकातून गात, नाचत, रुमाल हलवत आत शिरले. एफुआने गुडघ्यात किंचित वाकून किल्ली मास्तरांच्या हातावर ठेवली. आता चार शब्द बोलायची वेळ मास्तरांची. त्यांचे डोळे भरून आले आणि तोंडातून शब्द निघाले ते असे :

"बरं, बरं. रांगेत उभे राहा."

सगळे खो खो हसले आणि सवयीने रांगेत उभेही राहिले. पण मास्तरांच्या मनाला ते लागून राहिलं. ज्यांनी एवढं केलं त्यांना साधं 'तुमचे आभार' म्हणता आलं नाही. ती कसर चर्चमध्ये भरून काढायची असं त्यांनी ठरवलं. नवीन वस्तू आली की आमच्याकडे आभाराची प्रार्थना होते. घरचे लोक पांढरे कपडे घालतात, वस्तूच्या धन्याने सगळ्या मंडळीपुढे उभं राहून साक्ष द्यायची असते, आणि मग पाद्री, म्हणजे आमचे ओसोफो, त्या वस्तूवर हात ठेवतात. त्या साक्षीत मास्तर एकेका पोराचं नाव घेऊन बोलणार होते.

पण ओसोफो अमिसा दूर कुमासी शहरात धर्मसभेला गेलेले, आणि तिथून परस्पर लेकीकडे जाणार होते. तोवर काय? हा प्रश्न मास्तरांच्या बायकोने, आरबाबाईंनी, सोडवला. मास्तरांचं नाव कोबिना. कोबिना आणि आरबा ही दोन्ही नावं मंगळवारी जन्मलेल्यांची. मंगळवारच्या दोन माणसांनी एका घरात राहायचं तर एकाने कायमचं ऐकून घ्यावं लागतं, आणि ते काम मास्तरांनी लग्नातच अंगावर घेतलं होतं.

"अहो मास्तर, पहिली फेरी देवाच्या घरी," आरबाबाई म्हणाल्या. "ओसोफोंचा हात लागेपर्यंत चाक फिरायचं नाही."

"चर्च गल्लीच्या तोंडाशी तर आहे. निदान एकदा बाजारापर्यंत..."

"चाक फिरायचं नाही."

चाक फिरलं नाही.

गाडी फिरवता येत नाही तर धुवावी, असं मास्तरांनी ठरवलं. रोज सकाळी उठले की बादली, साबण आणि आरबाबाईंचा चांगल्यातला स्पंज घेऊन ते अंगणात उतरत. छपरापासून सुरुवात करून चाकांपर्यंत येत. चाकांवर बादली उपडी करत. मग झाडाचं पान पडू नये, कोंबडीने वर चढू नये, समुद्राचं खारं वारं लागू नये म्हणून लगेच गाडीवर ताडपत्री ओढत आणि चारी बाजूंनी दोरीने करकचून बांधत. संध्याकाळी ताडपत्रीचं एक टोक उचलून दोघं नवराबायको गाडीत जाऊन बसत. प्लास्टिकवर घामाने चिकटत, पण बसत. आरबाबाई पुढच्या काचेकडे पाहून म्हणत, "समुद्र इथून बरा दिसतो, नाही?" समुद्र दिसत नसे, समोर ताडपत्री असे. मास्तर म्हणत, "फारच बरा."

असे दिवस चालले असताना हेफ्रनसाहेब आले.

हेफ्रनसाहेब म्हणजे शेजारचे. टाकोराडी बंदरात कस्टमच्या नोकरीत केस पांढरे केलेले. बंदरात उतरलेली प्रत्येक गाडी आपल्याला विचारून उतरली असं त्यांचं म्हणणं असे. त्यांचे दोन मुलगे कॅनडात होते आणि ते वडिलांना आपापल्या गाड्यांचे फोटो नेमाने पाठवत. हेफ्रनसाहेबांच्या स्वतःच्या दारात मात्र एक खटारा उभा असे, आणि त्याच्या बॉनेटखाली कोंबडी अंडी घालत असे. मास्तरांची गाडी आल्यापासून ते तिच्याकडे मान वळवून बघतही नव्हते, त्यामुळे ते मुद्दाम चालत आले तेव्हाच मास्तरांनी हातातला स्पंज खाली ठेवला.

साहेबांनी ताडपत्री काढायला लावली. गाडीभोवती प्रदक्षिणा घातली. बोटाने टकटक केलं. दार उघडून आतला वास घेतला. मग चाकाजवळ थांबले. आजकालच्या गाड्यांची चाकं जाळीदार, आतली ब्रेकची चकती बाहेरून दिसते.

"मास्तर, हे काय आहे?"

"कुठे काय?"

"वाका जरा. वाकता येतं ना अजून?"

मास्तर वाकले. चकती चकचकीत असायला हवी होती. ती लालभडक झाली होती, जुन्या नांगराला येतो तसा रंग. त्यांनी दुसरं चाक पाहिलं. तिसरं, चौथं. चारी चकत्या एकाच मापाने लाल.

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मी काही सांगत नाही," हेफ्रनसाहेब म्हणाले.

"नका सांगू."

"सांगतोच. ही बुडालेली गाडी आहे. तिकडे पूर येतात, समुद्र आत घुसतो, गाड्या गळ्यापर्यंत बुडतात. मग वाळवतात, पुसतात, नवं प्लास्टिक चढवतात आणि आपल्याकडे धाडतात. मी अशा किती पकडल्या आहेत म्हणून सांगू! वरून नवरी, आतून मासा."

"अक्राच्या शोरूममधून आली आहे हो. मुलांनी स्वतः पसंत केली."

"मुलं बिचारी," साहेब हळहळले. "त्यांना काय कळतं." आणि घरी जाऊन ते बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

दुपारपर्यंत बातमी गल्लीच्या तोंडाशी केंके, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, विकणाऱ्या आंटी अबापर्यंत पोचली, म्हणजे गावभर झाली. केंक्याच्या प्रत्येक गोळ्याबरोबर मिरचीची चटणी, तळलेला मासा आणि मास्तरांची गाडी असं मिळू लागलं. लोक सल्ले घेऊन येऊ लागले. एक म्हणाला, वाळूने घासा. दुसरा म्हणाला, सोडा ओता. आंटी अबा स्वतः परडीभर लिंबं घेऊन आली.

"मास्तर, माझी कढई बघितलीत ना? लिंबानेच अशी आहे."

आंटी अबाची कढई काळीकुट्ट होती, पण वादात पडण्याची ती वेळ नव्हती. मास्तर अंगणात बसकण मारून चाकाच्या जाळीतून हात घालून चकतीवर लिंबाची फोड घासू लागले. हात आत गेला. बाहेर येताना कोपरापाशी अडकला. मास्तरांनी ओढला, पिळला, त्याच्याशी समजुतीच्या गोष्टी केल्या. हात गाडीचा झाला तो झालाच. नेमकी त्याच वेळी चर्चच्या महिला मंडळाची गाण्याची तालीम सुटली आणि बायका फाटकावरून चालल्या. चाकाला मिठी मारून बसलेले मास्तर त्यांना दिसले. आयुष्यभर ज्यांनी पोरांना पाठ ताठ ठेवून बसायला लावलं, त्या मास्तरांनी बसल्याजागी मान तुकवून सगळ्यांना नमस्कार केला.

"एवढं प्रेम बरं नव्हे हो मास्तर," कुणीतरी म्हणालं.

शेवटी आरबाबाईंनी साबणाचं पाणी ओतून नवऱ्याला सोडवलं. लिंबाचा उपयोग इतकाच झाला की खरचटलेला हात झणझणला.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी शियाच्या बियांपासून काढलेल्या लोण्याची बरणी घेतली. आपल्याकडे भेगा पडलेल्या टाचांना, कोरड्या कातडीला, बाळाच्या डोक्याला, सगळ्याला हेच लोणी. गंजालाही चालेल, असा मास्तरांचा हिशेब. बोटभर लोणी काढून ते चकतीला फासणार एवढ्यात बरणी शोधत आरबाबाई बाहेर आल्या.

"माझं लोणी? गाडीच्या पायांना? तिच्या टाचा फुटल्या का?"

बरणी गेली. त्या दिवशी आरबाबाईंनी नकळत किती जणांचे जीव वाचवले हे त्यांना आजही ठाऊक नाही, कारण लोणी फासलेले ब्रेक लागत नाहीत, आणि गल्लीचा उतार थेट समुद्रात जातो.

मग मास्तरांनी अक्राला शोरूममध्ये फोन लावला. बराच वेळ त्यांना गाणं ऐकवण्यात आलं. नंतर एक गोड आवाजाची मुलगी आली.

"गाडी चालवताना काही त्रास होतोय का, सर?"

"चालवलेलीच नाही."

"मग आमच्याकडे घेऊन या, आम्ही बघतो."

"आणायची तर चालवावी लागेल."

"हो, सर."

"ती आशीर्वाद झाल्याशिवाय चालवता येत नाही."

मग मुलगी अतिशय आदराने म्हणाली, "मग सर, आशीर्वाद उरकून घ्या आणि आणा. आमच्याकडे तेवढी सोय नाही."

ओसोफो परतायला एकच आठवडा उरला. गंज काढता येत नाही तर तो झाकावा, एवढंच मास्तरांच्या हातात राहिलं. त्यांनी कपाटातून आरबाबाईंचे भरतकाम केलेले चार पांढरे अभ्रे काढले आणि चारी चाकांना घातले, वरून नाडीने आवळले. रोज धुणं चालूच होतं, त्यामुळे अभ्रे दिवसभर ओले राहत. गल्लीत नवी चर्चा सुरू झाली. कुणी म्हणे गाडीला सर्दी झाली आहे, कुणी म्हणे तिला लंगोट बांधला आहे. हेफ्रनसाहेब फक्त "हं" म्हणाले. त्यांच्या एका 'हं'मध्ये कस्टमचं सगळं खातं उभं असे.

हसू येतं खरं, पण मास्तरांना आतून फार लागलं होतं. गाडी जुनी निघाली तर निघाली, त्याचं त्यांना काही नव्हतं. जन्मभर ते पायी चालले होते. पण संध्याकाळी प्लास्टिकवर बसल्या बसल्या मनात एक विचार यायचा. पोरांना कुणी फसवलं असेल का? आणि त्यामागून दुसरा, दबक्या पावलांनी : की पोरांना ठाऊकच होतं? म्हाताऱ्या मास्तरला काय, एवढं पुरे, असं तर नाही ना वाटलं त्यांना? हा विचार आला की मास्तरांना स्वतःचीच शरम वाटे. साक्षीत काय बोलायचं ते ते तोंडात घोळवून बघत. 'माझ्या मुलांनो,' इथपर्यंत नीट येई. पुढे 'तुमचे आभार' आलं की जीभ अडखळे. मनात खडा ठेवून देवाच्या घरात उभं राहून आभार मानायचे, हे त्यांना जमणार नव्हतं. आणि न मानावेत, तर त्या पोरांनी गात गात फाटकातून यावं आणि आपण रांगेत उभे राहा म्हणावं, एवढ्यावरच सगळं संपणार होतं.

"अहो, काय झालंय तुम्हाला?" आरबाबाईंनी विचारलं.

"काही नाही. उकडतंय."

"प्लास्टिक काढा मग."

"प्लास्टिक नाही काढायचं," मास्तर जवळजवळ ओरडले. गाडी नवी असल्याचा तेवढाच पुरावा उरला होता.

रविवार उजाडला. आरबाबाई पांढऱ्या कापडात, डोक्याला पांढरा रुमाल. मास्तर पांढऱ्या झग्यात. त्यांनी जड हातांनी अभ्रे सोडले. अभ्र्यांवर तांबडी वर्तुळं उमटली होती, ती बायकोला दिसायच्या आत त्यांनी गुंडाळून कुंडीमागे टाकली. चकत्या पहिल्यापेक्षा लाल. चर्च गल्लीच्या तोंडाशी, तेवढ्या वाटेत त्यांना कोण झाकणार? आणि तिथे अक्राहून बस करून सगळी बॅच येणार.

तेवढ्यात फोन वाजला. ओसोफो अमिसा बोलत होते. पहाटे टाकोराडीच्या बाजूच्या दुसऱ्या चर्चमध्ये प्रार्थना सांगून ते इकडे यायला निघाले होते, आणि त्यांच्या गाडीने वाटेतच प्राण सोडला होता.

"एसिल्फी, गाडी घेऊन ये. मी नारळवाल्यापाशी उभा आहे."

"ओसोफो, माझ्या गाडीवर अजून आशीर्वाद झालेला नाही."

"आशीर्वाद देणारा रस्त्यावर उभा आहे. आता तूच सांग काय करायचं."

आरबाबाई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पहिली फेरी देवाच्या घरी, हा त्यांचा शब्द. पण ओसोफोच नसतील तर देवाच्या घरी जाऊन करायचं काय? त्यांनी आभाळाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "जा. पण हळू."

"मी येतो बरोबर," भिंतीपलीकडून हेफ्रनसाहेबांचा आवाज आला. "कुणीतरी साक्षीदार हवा."

साहेब सणाचं केंटे कापड खांद्यावर टाकून पुढच्या सीटवर बसले. मास्तरांनी शेवटची गाडी चालवली होती ती शाळेची, आणि ती शाळेच्या आवारातच. त्यांनी देवाचं नाव घेतलं. गाडी फाटकाबाहेर पडली आणि उतारावर त्यांनी ब्रेक दाबला मात्र, खालून आवाज आला : खर्रर्र.

"ऐका!" हेफ्रनसाहेबांनी बोट वर केलं. "समुद्र बोलतोय."

पुढचं सगळं मास्तरांना तुकड्यातुकड्यांनी आठवतं. रस्त्यावर बकऱ्या होत्या. प्रत्येक बकरीला पाहून हेफ्रनसाहेब ओरडत, "ब्रेक!" मास्तर दाबत. साहेब गुळगुळीत प्लास्टिकवरून घसरत पुढे जात, गुडघे आदळत, परत मागे सरकून बसत. गतिरोधक आले, "ब्रेक!" पांढऱ्या कपड्यांतली चर्चला निघालेली माणसं आली, "ब्रेक!" रस्ता मोकळा दिसला तर साहेब म्हणत, "मोकळा आहे म्हणजे काहीतरी येणार. ब्रेक!" मागे सवारीची एक व्हॅन हॉर्न वाजवत होती. तिचा पोऱ्या दारातून लोंबकळत ओरडला, "आजोबा, ती गाडी आहे, शिवणयंत्र नव्हे!" मास्तरांनी त्यालाही पाहून ब्रेक दाबला. खालची खरखर हळूहळू विरत गेली होती, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही. साहेबांचा आवाज तिच्यापेक्षा मोठा होता.

नारळवाल्यापाशी ओसोफो पूर्ण झग्यात उभे राहून नारळपाणी पीत होते. मागच्या सीटवर बसले आणि परतीच्या वाटेने, पहिल्या बकरीपासून, मोठ्याने प्रार्थना करू लागले. त्यामुळे खरं तर गाडीवर आशीर्वाद रस्त्यातच हप्त्याहप्त्याने झाला.

चर्चच्या आवारात सगळे जमले होते. बॅच पांढऱ्या कपड्यांत ओळीने उभी. मास्तर उतरले, तसं बायकांनी गाणं उचललं, रुमाल उडाले. एफुआ हसत पुढे आली. मास्तरांना ते हसू बघवेना. साक्षीच्या आधी हे बोलून टाकलंच पाहिजे, असं त्यांना वाटलं.

"एफुआ, थांब. मला एक सांगायचंय. तुम्ही मला गाडी दिलीत, आणि मी... मी वाईट विचार केला. ही जुनी आहे असं मला वाटलं. तुम्हाला कुणी फसवलं असेल, किंवा..." पुढचं त्यांच्याच्याने बोलवेना. "हे बघ. चाकाच्या आत बघ."

एफुआ वाकली. आंटी अबा वाकली. हेफ्रनसाहेबांनी तर केंटे सावरून जमिनीवर हातच टेकले.

"काय बघू, सर?"

मास्तर वाकले. जाळीच्या आत ब्रेकची चकती चकाकत होती, नुकत्या घासलेल्या ताटासारखी. त्यात मास्तरांचं वाकलेलं नाक दिसत होतं.

"दुसरं चाक!" हेफ्रनसाहेब ओरडले आणि रांगतच तिकडे गेले. दुसरं चकचकीत. तिसरं चकचकीत. चौथ्यापाशी ते तसेच बसून राहिले.

"हालेलूया!" आंटी अबाने हाळी दिली. "ओसोफो नुसते आत बसले आणि गंज गेला!" बायकांनी पुन्हा गाणं उचललं. ओसोफोंनी ना हो म्हटलं, ना नाही. ते झगा झटकत होते.

एफुआ मात्र मास्तरांकडे डोळे बारीक करून बघत होती. "सर, गाडी रोज धुवायचात?"

"रोज."

"मग पुसायचात?"

"ताडपत्री घालायचो. लगेच."

"ओल्यावरच?"

मास्तरांनी होकारार्थी मान हलवली.

"आणि चाकांना माझे अभ्रे," आरबाबाई म्हणाल्या. कुंडीमागचं त्यांना केव्हाच सापडलं होतं.

"तेही ओले?"

"चिंब."

"आणि बाजूला हा." एफुआने मान वळवली. सगळ्यांनी वळवली. रस्त्यापलीकडे समुद्र होता तिथेच होता.

एफुआने पाठ ताठ केली, हात मागे बांधले आणि वर्गात म्हणायची त्या सुरात म्हणू लागली, "पहिली नळी, कोरडी हवा, खिळा जसाच्या तसा. दुसरी नळी, उकळलेलं पाणी, वर तेल, खिळा जसाच्या तसा. तिसरी नळी..." आणि मागून सगळी बॅच, टक्कल पडलेली, चष्मे लागलेली, एका आवाजात ओरडली, "पाणी आणि हवा!"

"सर, तिसरी नळी मी फोडली होती," एफुआ म्हणाली. "तुम्ही म्हणालात, परत करून दाखवीन. आज दाखवलीत. केवढी मोठी नळी केलीत ती! अहो, नवी गाडी चार दिवस ओली उभी राहिली तरी चकतीवर असा गंज येतो. चालवली, ब्रेक दाबले, की घासून निघून जातो. सर, आम्ही गाडी तुम्हाला फिरायला दिली. तुम्ही ओट्यावर बसून बसून गप्प झालात असं कळलं, म्हणून दिली. आणि तुम्ही तिलाही आणून आपल्या शेजारी बसवलीत!"

लोक हसत होते. मास्तर हसले नाहीत. ज्या खड्याने त्यांना इतके दिवस टोचलं होतं तो कुठे गेला ते ते शोधत होते, आणि तो सापडत नव्हता. या पोरांना आपण गप्प झाल्याचं कळलं होतं. एवढ्या लांबून कळलं होतं.

आत साक्षीची वेळ आली. मास्तर पुढे गेले आणि मंडळीकडे वळले. सगळं चर्च वाट बघत राहिलं.

"रांगेत उभे राहा," मास्तर म्हणाले.

बॅच उठली. बाकांमधून वाट काढत पुढे आली आणि वेदीसमोर रांगेत उभी राहिली. मास्तर रांगेच्या टोकाला गेले. पहिल्याचा हात दोन्ही हातांत घेतला, त्याचं पूर्ण नाव घेतलं आणि म्हणाले, "तुझे आभार." मग दुसरीचा. मग तिसऱ्याचा. कोण कुठल्या बाकावर बसायचा, कुणाला गणित येत नसे, कुणाची आई शाळेच्या फाटकाशी संत्री विकायची, सगळं त्यांना आठवत होतं आणि ते सगळं सांगत होते. रडत होते आणि सांगत होते. एफुआपाशी पोचले तेव्हा एवढंच म्हणाले, "पोरी, तू मला ओट्यावरून उठवलंस," आणि तिथे बराच वेळ थांबले. मग पुढच्याकडे गेले. रांग लांब होती. ओसोफोंनी घड्याळ पाहिलं. कुणाची पोरं भुकेने कुरकुरू लागली. मास्तर आता एकाच्या आजोबांची होडी कशी उलटली होती तिथवर आले होते.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला :

"मास्तर! ब्रेक!"

चर्च हशाने दणाणलं. मास्तर थांबले. डोळे पुसत त्यांनी मागे पाहिलं. केंट्याला गुडघ्यापाशी माती लागलेले हेफ्रनसाहेब उभे होते, आणि आपण हे देवाच्या घरात ओरडलो हे आता त्यांच्या लक्षात येत होतं.

"हेफ्रनसाहेब," मास्तर म्हणाले, "तुम्ही रस्ताभर ब्रेक ब्रेक ओरडलात म्हणून तो गंज निघाला. तुमचेही आभार. आणि उद्या सकाळी तयार राहा. गाडी आता उभी ठेवायची नाही. रोज फिरायचं, टाकोराडीपर्यंत. बाजूची सीट तुमची."

"प्लास्टिक घसरतं," हेफ्रनसाहेब कसेबसे म्हणाले.

"आज काढतो."

साहेब खाली बसले. त्यांनी चष्मा काढला आणि केंट्याच्या टोकाने पुसायला घेतला. ओसोफो प्रार्थना म्हणून आमेनला आले तरी ते तो पुसतच होते.